लेकीची किमो चालू आहे आणि आई गणपतीत गावी न्यायचं म्हणतेय. तिला कसं समजावू?

काळाचौकीकर

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितोय. लांबेल, पण कुणाला तरी सगळं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी काळाचौकीला चाळीत राहतो. आई, मी, बायको आणि सहा वर्षांची लेक. घरात तिला चिऊ म्हणतो. मे महिन्यात तिचे पाय दुखायला लागले. रात्री उठून रडायची, आई तेल लावून द्यायची. मग ताप सुरू झाला. नडग्यांवर निळे डाग दिसले तेव्हा वाटलं, गॅलरीत खेळताना आपटली असेल. जवळच्या डॉक्टरांनी दोन आठवडे व्हायरल म्हणून औषधं दिली. दुसऱ्यांनी रक्ताची सीबीसी तपासणी करायला लावली, रिपोर्ट बघितला आणि त्याच दिवशी टाटाला पाठवलं. रक्ताचा कॅन्सर, ए.एल.एल. आयुष्यभर त्या हॉस्पिटलवरून चालत कामाला गेलोय. आत कधी गेलो नव्हतो.

पहिला टप्पा पाच आठवड्यांचा होता, तो झाला. बोन मॅरो परत तपासला, रिपोर्ट चांगला आला. पुढचे टप्पे धरून एकूण दोन-अडीच वर्षं उपचार चालतील असं डॉक्टर म्हणाले.

चाळीने काय केलं ते सांगितलं नाही तर मी कृतघ्न ठरेन. पहिल्याच आठवड्यात प्लेटलेट लागल्या तेव्हा मंडळाची अकरा पोरं सकाळी सात वाजता रक्तपेढीच्या दारात उभी होती. समोरच्या काकू आमच्यासाठी रोज डबा करतात. चिऊचे केस गळायला लागले तेव्हा खालच्या सलूनवाल्या दादाने घरी येऊन, नवी मशीन आणून तिचे केस काढले, पैसे घेतले नाहीत. आई तिला म्हणाली, तुझं जावळ काढलं गो बाय परत. पोर हसली. त्या दिवशी मी आईच्या पाया पडलो.

आणि आता त्याच आईशी बोलताना माझा आवाज चढतोय.

आम्ही मूळ कुडाळकडचे. आईने गावी फोन करून रवळनाथाला कौल लावायला सांगितला. कौल उजवा झाला, म्हणजे देवाने होकार दिला. त्याच आठवड्यात बोन मॅरोचा चांगला रिपोर्ट आला. आईच्या मनात दोन्ही एक झालं. तिचं म्हणणं, देवाने पोरीला बरी केली, आता ती विषारी सलाईन कशाला? गणपतीला गावी नेऊ, देवापुढे उभी करू, गाऱ्हाणं घालू. गणपती तीन आठवड्यांवर आलेत. डॉक्टर म्हणतात काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, खाली आहेत, रेल्वेचा प्रवास नको, गर्दी नको, बाहेरचा प्रसाद नको.

तरी हे निभावून नेलं असतं. पण परवा आई बायकोच्या देखत म्हणाली, "देवाचा कायतरी रव्हला आसा, म्हणान ह्या झाला." आमचं लग्न झालं त्या वर्षी बायको आजारी होती, गावच्या देवीची ओटी भरायची राहून गेली. आई एवढंच बोलली, पुढे काही नाही. बायको त्या रात्री मोरीत नळ सोडून रडत होती. तेव्हापासून दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलतात.

मी देव मानतो. आईचा विश्वास मला मोडायचा नाही, त्याच्यावरच ती उभी आहे. माझे वडील गेले तेव्हाही ती अशीच उभी राहिली होती. पण लेकीचे उपचार थांबता कामा नयेत आणि बायकोवर हा बोल राहता कामा नये. कुणाच्या घरात असं झालंय का? कसं बोललात?

निवृत्त सिस्टर, ठाणे

दादा, मी तीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काम केलं. जे सांगते ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा, पण सांगते.

सगळ्यात आधी सलाईन थांबवायची गोष्ट. अशी मुलं मी परत आलेली पाहिली आहेत. रिपोर्ट चांगला आला, घरच्यांनी गावी नेलं आणि सहा महिन्यांनी उचलून आणलं. तेव्हा हातात पहिल्याइतके उपाय उरत नाहीत. मी साताऱ्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. आज्यांना मी हरळीचं उदाहरण द्यायचे. रान नांगरलं, वर एक काडी दिसत नाही, म्हणून हरळी गेली का? मातीत बोटभर मूळ राहिलं तरी पावसाळ्यात सगळं रान परत भरतं. रिमिशन म्हणजे वरून काही दिसत नाही. पुढची दोन वर्षं मुळं काढायची. हे मी बोलले की शेतात राबलेली कुठलीही बाई लगेच मान हलवायची. डॉक्टरांनी तासभर समजावलं तरी जे होत नसे ते हरळीने व्हायचं.

आता गाऱ्हाण्याचं. गाऱ्हाणं घालायला पोर देवळात उभी लागते का? मुंबईत असलेल्या, दुबईत असलेल्या माणसांसाठी गावचे मानकरी गाऱ्हाणं घालतातच की. तुमच्या गावच्या गुरवांना तुम्ही स्वतः फोन करा. त्यांनी आईंना सांगितलं की देवाला चालतं, तर तुमच्या शंभर शब्दांपेक्षा तो एक शब्द जास्त चालेल. नवस तर बरं झाल्यावरच फेडायचा असतो. औषधं पूर्ण झाली की फेडा, थाटात फेडा.

अंगारा कपाळाला लावा, पोटात नको. तीर्थ नको. हार-फुलं तिच्या खोलीत नकोत, ओल्या फुलांत बुरशी असते. धुपाचा धूर नको. मनगटाला दोरा बांधला असेल तर आज काढा. एका बाळाच्या हातावर सलाईनच्या चिकटपट्टीखाली हळदीचा ओला दोरा पाच दिवस राहिला होता, पट्टी काढली तर खाली कातडी पांढरी पडून सोललेली. दोरा आईच्या हातात बांधा, देवाला पत्ता कळतो.

प्रसादाचं म्हणाल तर उकडीचे मोदक आहेत ना! घरी केलेले, समोर वाफवलेले, गरम असताना ताटात. बाहेरचा पेढा नको, उघड्यावरचं पंचामृत नको. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, पण मोदकाला नाही म्हणणारा डॉक्टर मला तरी भेटला नाही.

आणि प्लेटलेट देणाऱ्या पोरांना सांगा, अकरा जणांनी एका दिवशी जाऊ नका. प्लेटलेट पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत. रक्तगटाप्रमाणे वही करा, कुणाची पाळी कधी ते लिहा. डोकेदुखीवर ॲस्पिरिन घेतलं असेल तर त्या मुलाने पुढचे तीन दिवस येऊ नये.

शेवटचं. आईंना काम द्या. हातात काम नसलं की आजीचा जीव कौलात आणि शकुनात जातो. त्यांना डिजिटल थर्मामीटर आणि एक वही द्या. सकाळ, दुपार, रात्र ताप बघायचा आणि लिहायचा. १००.४ दिसला की तापाची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही, दिवस असो की रात्र, थेट हॉस्पिटल. जी बाई रोज जपमाळ मोजते ती ताप चुकवणार नाही.

वसईची आई

भाऊ, माझ्या मुलाला चार वर्षांचा असताना हाच आजार झाला. आता तो अकरावीत आहे, फुटबॉल खेळतो.

आम्ही ख्रिस्ती. आमच्या गावात रोज संध्याकाळी एकेका घरी रोझरी व्हायची, ती त्या वर्षभर आमच्याच अंगणात झाली. मुलगा आत, खिडकी बंद, आणि बाहेर चाळीस माणसं. त्याला आवाज यायचा. आई, आज किती लोक आलेत असं विचारायचा. तो आवाज ऐकत तो झोपायचा, गोळ्यांनी रात्रभर चिडचिड करणारा पोरगा.

सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा असते. माझ्या सासऱ्यांनी हट्ट धरला की त्याला बांद्र्याला न्यायचंच. तिथे मेणाच्या बाहुल्या मिळतात, हात, पाय, लहान मूल, जे दुखणं असेल त्या आकाराची मेणबत्ती मातेपुढे ठेवतात. मी म्हटलं, बाबा, मेणाचं बाळ न्यायचं तर आपलं बाळ न्यायची गरज काय? ती बाहुली त्याच्याच जागी तर ठेवतात! ते गप्प झाले. मग एकटे गेले, रांगेत चार तास उभे राहिले, बाहुली ठेवून आले. मुलाचे उपचार संपले त्या सप्टेंबरात तो आजोबांचा हात धरून स्वतः गेला.

तुमच्या पत्नीबद्दल एक सांगू? आईशी तुम्हीच बोला, आणि पत्नीसमोर बोला. मागे बोललात तर ते पत्नीपर्यंत पोचणार नाही. माझ्या नवऱ्याने सगळ्यांसमोर एक वाक्य म्हटलं होतं, आमच्या घरात कुणाच्या पापाने हे झालेलं नाही. बारा वर्षं झाली, ते वाक्य मला अजून पुरतंय.

जळगावचा बाप

तुम्हाला चाळ आहे, भाग्यवान आहात. आम्ही गावाहून आलो तेव्हा मुंबईत ओळखीचं कुणी नव्हतं. पहिले काही दिवस हॉस्पिटलबाहेरच्या फूटपाथवर काढले. मग दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. तिथे सगळेच आमच्यासारखे. आसामची एक बाई माझ्या बायकोला भात लावून द्यायची, भाषा एकमेकींची कळत नव्हती. ज्याचं पोर वॉर्डात त्याचे कपडे दुसरा धुवायचा.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी केलीय का? रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागात जा. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि सिद्धिविनायक न्यास यांच्याकडेही अर्ज करता येतो, कागदपत्रांचे तीन-चार संच झेरॉक्स करून ठेवा. आईंना हे पण सांगा की सिद्धिविनायकाच्या पेटीत भाविकांनी टाकलेल्या पैशातून आजाऱ्यांचे उपचार होतात. माझी आई हे ऐकून रडली होती.

एक आई, डोंबिवली

लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं.

माझा मुलगा राहिला नाही. आजार हाच, पण परत उलटला. आम्ही सगळं केलं. औषधं एक दिवस चुकवली नाहीत, गुरुचरित्राची पारायणं केली, सोसायटीतल्या बायकांनी माझ्यासाठी अथर्वशीर्षाची आवर्तनं केली. तो गेल्यावर एका नातेवाईक बाईंनी मला विचारलं, सोवळं नीट पाळलं होतंस ना?

आज सात वर्षांनी मला मुलाचा चेहरा आठवला तर मी शांत असते. हा प्रश्न आठवला की अजून हात थरथरतात.

दादा, तुमची चिऊ बरी होणार, बहुतेक मुलं होतात, मी रोज तिचं नाव घेईन. पण आजच्या आज आईंना सांगा की "देवाचं राहिलंय" हे शब्द त्या घरात परत नकोत. त्या वाईट नाहीत. घाबरलेलं माणूस कारण शोधतं. कारण सापडलं की थोडा वेळ बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं दुसऱ्या कुणाला तरी फेडावं लागतं.

माझा देव अजून आहे. ज्या बायकांनी आवर्तनं केली त्याच नंतर तेरा दिवस माझ्याकडे झोपायला होत्या. मला देव तिथे दिसला.

निवृत्त सिस्टर, ठाणे

ताई, तुम्हाला नमस्कार करते.

दादा, आईंना औषध म्हणजे विष वाटतंय ना, तर एक गोष्ट सांगा. पाठीतून जे इंजेक्शन देतात ते मेथोट्रेक्सेट. १९४८ साली बोस्टनच्या डॉक्टर फार्बर यांनी लहान मुलांचा हा आजार औषधाने मागे हटतो, निदान काही काळ तरी, हे पहिल्यांदा दाखवलं. त्याआधी काहीच उपाय नव्हता, मुलं काही आठवड्यांत जायची. ते औषध मेथोट्रेक्सेटच्याच कुळातलं. तयार करणाऱ्या पथकाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आपल्या आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले. मी वॉर्डात आज्यांना हे सांगायचे आणि विचारायचे, त्या माणसाला ही बुद्धी कुणी दिली? आज्या वर बोट दाखवायच्या. मग सलाईन लावू देताना कुणी हात धरत नसे.

काळाचौकीकर

दीड महिन्याने लिहितोय. सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत, म्हणून काय झालं ते सांगतो.

डोंबिवलीच्या ताईंचं लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं. बायको पोळ्या लाटत होती, तिच्यासमोरच वाचलं. आई काहीच बोलली नाही. उठली आणि गॅलरीत जाऊन बसली. अर्ध्या तासाने आत आली, बायकोच्या हातातून लाटणं घेतलं आणि म्हणाली, "तुजा काय चुकला नाय गो. माका भय वाटता." बायको तिच्या गळ्यात पडली. मी चिऊला घेऊन खाली उतरलो.

गुरवांना फोन केला. त्यांनी एका वाक्यात सोडवलं: पोरीला सुखरूप ठेवणं हेच देवाचं काम, तिला त्रास देऊन देव कशाला बोलावील? गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देवळातून फोन लावला, आम्ही स्पीकरवर ठेवला. ते गाऱ्हाणं घालत होते, "बा देवा म्हाराजा, मुंबैत ह्या लेकराक..." आणि तिकडून पन्नास आवाज "व्हय म्हाराजा". इकडून चिऊ टकलं हलवत प्रत्येक वेळी "व्हय म्हाराजा" ओरडत होती. देवीची ओटी माझ्या चुलतबहिणीने बायकोच्या नावाने भरली. हे आईनेच सांगितलं होतं, आणि फोन ठेवण्याआधी म्हणाली, सुनेच्या नावान भर, माफीची नाय, मायेची.

चाळीत मंडळाने आमच्या मजल्यावर दर्शनाला येणाऱ्यांना जिन्यातच थांबवलं. चिऊने घरच्या गणपतीपुढे वाफाळते दोन मोदक खाल्ले, तिसरा मागितला. गोळ्यांमुळे भूक भयंकर लागते तिला.

आता ज्यासाठी खास लिहायला बसलो ते. पाचव्या रात्री, पावणेबारा वाजता, आईने मला हलवून उठवलं. थर्मामीटर माझ्या डोळ्यांपुढे धरलं होतं. १००.६. वहीत आधीच लिहून ठेवलं होतं, वेळेसकट. मी गोळी शोधायला लागलो तर तिने हात धरला. "गोळी नाय. शिस्टरनी काय लिवलान? चल." फाइल, पाण्याची बाटली, चिऊचं पांघरूण, सगळं पिशवीत तिने भरून ठेवलेलं होतं.

गणपतीत लालबागला रात्री बारा वाजता काय असतं ते मुंबईकरांना सांगायला नको. टॅक्सी दत्ताराम लाड मार्गावर अडकली, पुढे माणसांची भिंत. मंडळाचा एक पोरगा बाइकवरून मागे आला होता, त्याने शिट्टी मारली. कुठून कुठून दहा-बारा कार्यकर्ते जमले, त्यातली निम्मी दुसऱ्याच मंडळाची. विसर्जनाला गर्दी अडवायला जो दोर धरतात तो आणला. दोन्ही बाजूंनी दोर ताणला आणि मध्ये आमची टॅक्सी, "बाजू द्या, पेशंट आहे" ओरडत, पावलापावलाने भारतमाता सिनेमापर्यंत. एका मंडळाने वाजवणं थांबवलं. टॅक्सीत बायको, आई आणि आईच्या मांडीवर चिऊ. आई तोंडाने जप करत होती आणि बोटांनी चिऊच्या कपाळावर ताप बघत होती. पुढे जेरबाई वाडिया रोड मोकळा मिळाला.

काउंट फारच खाली होते. लगेच अँटिबायोटिक सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आठव्या दिवशी घरी आलो. विसर्जन होऊन गेलं होतं. समोरच्या काकूंनी आमच्या गणपतीची आरती रोज दोन वेळा केली होती आणि निरोप पोरांनी दिला.

पुढचं पाठीतलं इंजेक्शन येत्या सोमवारी आहे. प्लेटलेटची वही आता आईकडेच असते, तापाच्या वहीला दोऱ्याने बांधलेली. चिऊच्या मनगटातून काढलेला तोच तो दोरा. सिस्टर, आईने विचारलंय की चिऊला आता घरचं दही लावून दिलं तर चालेल का, की तेही थांबायचं?

निवृत्त सिस्टर, ठाणे

आईंना म्हणावं, काउंट वर येईपर्यंत थांबा. सोमवारी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून विचारा, आणि ते जे सांगतील ते वहीत लिहा.